बारावा फर्मा

बाबा, सकाळपासून तिसऱ्यांदा प्रबंध बाजूला सारून मी मोबाइलवर खुनाची गोष्ट उघडली. केस पिकले तरी हिची खोड गेली नाही, असं म्हणाल. नाहीच गेली. पीएच.डी.चा प्रबंध शुक्रवारी विद्यापीठात द्यायचाय. या वयात कुणी सांगितले होते हे धंदे, असं सगळ्यांचं विचारून झालंय, तुम्ही तेवढे राहिलात. प्रकरणं झाली, तक्ते झाले, संदर्भसूची झाली. एकच पान राहिलंय, ऋणनिर्देशाचं. माझ्या मार्गदर्शक बाई माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत, त्या परवा फोनवर वैतागल्या. "अहो मॅडम, एका पानाला काय अडलंय? आईवडिलांचे आभार माना, मिस्टरांचे माना, माझे नाही मानलेत तरी चालेल, पण संपवा ना!" आता त्यांना काय सांगू, वडिलांपाशीच अडलंय म्हणून? 'माझ्या वडिलांनी' एवढं टाइप करते, खोडते, उठते. चहा टाकते, तो उतू जातो, ओटा पुसते, परत येऊन बसते आणि हात आपोआप त्या गोष्टीकडे जातो. तीही सरळ वाचत नाही. आधी शेवटची पानं काढून बघते, आहेत ना सगळी. मोबाइलमधल्या पुस्तकाची पानं कुठे पळून जाणार आहेत? तरी बघते.

काल मुलुंडला बाइंडिंगच्या दुकानात विचारायला गेले होते. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. दुकानदार माझ्याच वयाचा, कानात ते वायरलेस अडकवलेलं. म्हणाला, "मॅडम, पानं लावून, मोजून आणा हां. आम्ही मोजत नाही. जसं देणार तसं बाइंड होणार." माझं डोकंच फिरलं. "मोजत नाही म्हणजे? बाइंडर ना तुम्ही? मग करता काय?" चार लोक वळून बघायला लागले. तो बिचारा हसून म्हणाला, "टेन्शन नका घेऊ ना मॅडम, झकास करून देतो." मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. त्याच्यावर कशाला भडकायचं होतं? बारापर्यंत मोजायला मला सांगितलं होतं एका माणसानं, आणि मी काय केलं ते मला माहीत आहे.

कांजूरच्या आपल्या दोन खोल्या. घाटकोपरचा छापखाना बंद पडल्यापासून तुम्हाला एवढंच काम उरलं होतं, ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं घरी आणून बांधायची. पोतं यायचं आणि पलंगावर, जमिनीवर, आईच्या डब्यांवर सगळीकडे पुस्तकंच पुस्तकं. तुम्ही आधी जुनं कव्हर सोडवायचात, दोरे कापायचात आणि पुस्तकाचे फर्मे सुटे करायचात. सोळा-सोळा पानांची ती एकेक घडी. मग ते ओळीनं लावायचे, मोजायचे, दाभण-दोऱ्यानं शिवायचे. ओट्यावर आईच्याच पातेल्यात मैद्याची खळ रटरटत असायची, त्यात वाळवी लागू नये म्हणून मोरचूद. आई करवादायची, "एक दिवस वरणाच्या जागी हेच वाढीन, म्हणजे चिकटून बसाल सगळे एका जागी!" तुमची ओठांतल्या ओठांत मोजणी चाललेली असायची. तीनदा मोजल्याशिवाय तुम्ही सुई हातात घेत नव्हता. "पान गेलं की बाइंडर मेला," हे तुमचं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल.

आणि त्या पसाऱ्यात मी, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, अर्थशास्त्र घेऊन. आपल्या अख्ख्या खानदानात एवढं शिकणारी पहिली. तुम्ही कोपऱ्यावरच्या दूधवाल्यालाही सांगून ठेवलं होतं, पोरगी एम.ए. करते म्हणून. आणि पोरगी काय करायची? वहीत रहस्यकथा वाचायची. अख्खं पुस्तक वहीत लपत नाही, पण सुटा फर्मा छान लपतो! कुणाचा तरी मृतदेह विहिरीत, कुणी तरी खोटं बोलतंय, आणि इकडे संख्याशास्त्राची गणितं नुसती आ वासून बसलेली. मला एका जागी बसवायचंच नाही. त्या गोष्टी होत्या म्हणून मी बसायची तरी. एकदा तुम्ही मागून येऊन वहीतून फर्मा उचललात. मला वाटलं, वाट लागली. तुम्ही चष्मा वर केलात, पानाखालचा बारीक आकडा बघितलात आणि म्हणालात, "हा चौथा. तिसरा कुठाय?" तो उशीखाली होता. मग तुम्ही नियमच घालून दिलात. "एक गणित सोडव, एक फर्मा घे. वाचला की आपल्या जागेवर ठेव. आणि मला सांगायचं, पुढं काय झालं." तुम्ही स्वतः कधीच वाचत नव्हता. वाचत बसलो तर बांधील कोण, म्हणायचात. तुम्ही शिवायचात आणि मी सांगायची. रंगात येऊन सांगायची, हातवारे करून. "थांब, थांब," तुम्ही दोरा दातात धरून म्हणायचात, "तो मेव्हणा मला पहिल्यापासून बरा वाटत नाही बघ." बाबा, अभ्यासाच्या त्या सगळ्या वर्षांत मला मनापासून सुख कशाचं वाटलं असेल, तर त्याचं.

तो रविवार. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तपासणी होती, सकाळी चाळीस पुस्तकं हवी होती, तुम्ही घामाघूम झाला होता. विहिरीतल्या मृतदेहाच्या त्याच पुस्तकाचे अकरा फर्मे माझे वाचून झाले होते. बारावा राहिला होता, शेवटचा. आणि गणित काही केल्या सुटेना. मी न सोडवताच तो उचलून वहीत सारला. तेवढ्यात तुम्ही तो गठ्ठा पुढे ओढलात आणि, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणालात, "एवढा तू मोज गं. तू काय, आकड्यांचीच मास्तरीण." मी वरवर बोटं फिरवली. "बरोबर आहेत?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "हो, बारा." संख्याशास्त्राचा पेपर देणारी मुलगी मी. काय बिघडलं असतं, बाबा, एक माझ्याकडे आहे म्हटलं असतं तर? फार तर 'गणित कुठाय' म्हणाला असता. पण तेवढंसुद्धा मला ऐकून घ्यायचं नव्हतं. तुम्ही सुई ओवेपर्यंत हळूच परत ठेवीन असा विचार होता, तर आईनं दळण आणायला पिटाळलं. गिरणीवर ही गर्दी. परत आले तर पुस्तक शिवून, खळ लावून वजनाखाली गेलं होतं. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी पोतं गेलेलं होतं.

तीन आठवड्यांनी ग्रंथालयातून बोलावणं आलं. कुणा सभासदानं काउंटरवर पुस्तक आपटलं होतं, शेवटच नाही म्हणून. तुम्ही घरी आलात, ते पुस्तक टेबलावर ठेवलंत आणि आईला म्हणालात, "नजर जात असेल तर सांगत चला, म्हणाले. चारचौघांत." मग दोन दिवस तुम्ही घर उलटंपालटं केलंत. पलंगाखाली, मैद्याच्या डब्यामागे, रद्दीत. आणि मीही शोधलं, बाबा. माझ्या वहीत फर्मा असताना मी तुमच्याबरोबर गुडघ्यांवर बसून कपाटाखाली झाडू घातला. तुम्ही मला हाताला धरून उठवलंत. "तू कशाला शोधतेस गं, चार दिवसांवर पेपर आलाय. माझं मी बघतो." तुम्हाला आठवलंसुद्धा नाही की मोजलं मी होतं. की आठवलं, आणि मी चुकेन हे मनातच आलं नाही? यावर मी इतक्या वर्षांत किती येरझाऱ्या घातल्यात, मोजत नाही आता.

तुम्ही बांधणी सोडलीत. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. तुम्ही म्हणालात, त्याला काय कळतंय. त्यानंतर गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलात. माझा निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला, तेव्हा तुम्ही पेढे वाटत फिरलात आणि प्रत्येकाला सांगितलंत, "माझे डोळे गेले, पण पोरगी एम.ए. झाली." मी तुमच्या मागे डबा धरून उभी होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं! लोक म्हणतात, बापाला सगळं कळतं, तो बोलत नाही एवढंच. माझा नवराही असंच समजावतो. खोटं आहे ते. तुम्हाला नव्हतं कळलं. तुम्ही पुढची सहा वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास धरून जगलात आणि तसेच गेलात. एकदा, शेवटच्या आजारपणात, विचारलंतही, "त्या विहिरीतल्या बाईला मारलं कुणी होतं गं शेवटी?" मी म्हटलं, "मला काय माहीत बाबा, पानंच नव्हती ना." मेव्हण्यानं मारलं होतं. तुम्ही बरोबर होता.

ऋणनिर्देशाचं पान आत्ता, एवढं लिहिता लिहिता, टाइप करून टाकलं. 'माझे वडील पुस्तकं बांधत असत. त्यांच्या हातून एकही पान कधी हरवलं नाही. सोळा हरवली, ती मी घेतली होती.' मार्गदर्शक बाई विचारतील, मॅडम, हे काय? विचारू देत. पाची प्रतींत राहील ते. आणि दुकानात मी स्वतः उभी राहून मोजीन. हे पत्र मात्र कुठे टाकणार? सांगायला हवं होतं तेव्हा तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होता.

आणखी एक आहे, ते त्या पानावर मी घालू शकत नाही. तुम्ही रिकामं पोतं घडी करून ग्रंथालयात परत द्यायला गेलात, ती दुपार. पेपर संपले होते, फक्त तोंडी परीक्षा उरली होती, आई शेजारी गेली होती. तोवर त्या फर्म्याला हात लावायची माझी हिंमत झाली नव्हती. तुम्ही जिना उतरलात आणि मी तो काढला. सोळाही पानं वाचली. आणि मला मजा आली, बाबा, काय सांगू, इतकी मजा आली की दारावरची थाप मला ऐकूच आली नाही. शेवटची ओळ संपवून दार उघडलं, तेव्हा तुम्ही पायरीवर टेकला होता, घामानं सदरा ओला. किती वेळ वाजवत होता कोण जाणे. फर्मा मी पाठीमागे धरला होता, दुसऱ्या दिवशी तो कचऱ्याच्या गाडीत टाकला. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. म्हणालात, "अभ्यासात होतीस ना? मग असू दे." मी हो म्हटलं.