दहा रात्रींचा नियम

सावाई बेट,
३ सप्टेंबर, मंगळवार

लाडक्या लेईतूला,

ताईचे अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, मी बरी आहे, कोंबड्या वाजवीपेक्षा जास्त बऱ्या आहेत. जावई, पोरगी आणि ब्रिस्बेनची थंडी कशी आहे ते कळव. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे गं" म्हणून ठेवून देतेस. पत्र असं ठेवता येत नाही, म्हणून लिहितेय. मामाचा वीली तिकडे येतोय, त्याच्याजवळ देते.

अगं, बातमी अशी आहे की माझ्या पोटात मावत नाही! आपल्या गावाने नियम केलाय. विमानाने येणाऱ्या पाहुण्याने निदान दहा रात्री राहायचं, नाहीतर यायचंच नाही. मुखियांच्या बैठकीत एका आवाजात मंजूर! मोडला तर पाहुणा ज्या घरी उतरला त्या घराला दंड, एक मोठं डुक्कर. तुझ्या सहलींच्या कचेरीतून येणारे तीन रात्रींचे पाहुणे बंद. आरडाओरडा नंतर कर, आधी ऐक.

आमच्या बायकांच्या कमिटीने काय काय केलं ते तुला ठाऊक आहेच. प्लॅस्टिकच्या बाटल्या घालवल्या, जनरेटर घालवला, उन्हावरचे दिवे आणले. माना ताठ करून फिरत होतो नुसत्या! आणि जूनमध्ये वेलिंग्टनचा एक म्हातारा पाहुणा निघताना म्हणाला, "बाई, तुमच्या जनरेटरने वर्षभरात सोडला नसेल एवढा धूर माझ्या तीन दिवसांसाठी विमानाने सोडला." तोंडात मारल्यासारखं झालं. समुद्र पाहुण्यांच्या पुढच्या झोपड्यांच्या खांबांना येऊन भिडलाय आणि आम्ही आपल्या बाटल्या वेचतोय!

मग कमिटीत नुसता कल्ला. शेजारची मासिना म्हणाली, "पाहुणेच बंद करा की! आणि पोरांना वाळू वाढा." कुणी म्हणे झाडं लावू, कुणी म्हणे प्रार्थना करू. आणि तेवढ्यात आई उठली. बाबा गेल्यापासून कमिटीत तोंड न उघडलेली आपली आई! म्हणाली, "एवढा धूर काढून विमान माणूस आणतं, आणि तो माणूस कोको निवायच्या आत परत निघतो. नीट चेहराही बघून होत नाही. कमी वेळा या, पण आलात की राहा." मी तर बघतच राहिले. मासिनानेसुद्धा हात वर केला, म्हणजे बघ!

आणि चाललंय गं हे! मला वाटलं होतं, कुत्रंही फिरकणार नाही. पण झोपड्या भरल्यात. माणसं कमी, राहणं जास्त. ऑकलंडचं एक जोडपं आलं होतं. नवरा पहिले तीन दिवस मोबाईल हातात धरून किनाऱ्यावर रेंज शोधत फिरला. आठव्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख तोच फुंकत होता, अगदी बेसूर! ती बाई मळ्यातला अळू खणायला शिकली. निघताना ती रडली आणि मासिनाही रडली. मासिना कधी कुणासाठी रडत नाही हे तुला माहीत आहे.

आता राहिलेलं सांगते. मघापासून टाळतेय.

मुखियांच्या बैठकीत आमच्या कमिटीलाही बोलावलं होतं. तिथे मुखिया तोआलीमांनी आईला विचारलं, "आणि परदेशातली आपली पोरं? त्यांना सूट असेल ना?" मी जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. आई म्हणाली, "आधी त्यांनाच लावा." सगळे हसले. मला हसू आलं नाही. लेईतू, आई पाहुण्यांबद्दल बोलतच नव्हती गं.

ऑक्टोबरात मुलांच्या रविवारच्या सणाला तू येणार, शुक्रवारी येऊन सोमवारी परत. दर वेळी हेच. घरी आल्यावर मी आईवर चिडले. "ती येतेय तीन दिवस, तेही घालवलेस! नाहीच म्हणाली तर?"

आई डुकराला निरफणस घालत होती. "कळतं मला. एवढी खुळी नाही मी."

"मग हे कशाला पोसतेयस? दंडाला की जेवणाला?"

"ते तिला ठरवू दे," म्हणाली. बोलली ठसक्यात, पण त्या दिवशी जेवली नाही.

तुला पत्र लिहिल्याचं तिला सांगितलेलं नाही. तिला विनवण्या चालत नाहीत. मला चालतात.

आणि मी मघापासून आईचंच नाव पुढे करतेय, पण मलाही तू हवी आहेस. तू येतेस तेव्हा मी चुलीपाशी असते, मग भांड्यांपाशी, मग तुला बोटीवर सोडायला. बाबा गेले तेव्हासुद्धा आपण दोघी एकमेकींपाशी रडलो नाही, तुझं विमान होतं. तुझ्या लेकीला माझा चेहरा ओळखता येईल का गं? रजा माग. देत नसतील तर भांड, लहानपणी माझ्याशी भांडायचीस तशी. दहा रात्रींतल्या नऊ आईला दे. एक मला.

येते म्हण किंवा येत नाही म्हण. फक्त "तीन दिवस तरी येते" असं म्हणू नकोस, ते आता आम्हाला पुरत नाही.

वाट बघायला कंटाळलेली आणि तरी बघणारी,
तुझी ताई
फुआटिनो