परडाच्या विषाचे फिक्के पट्टे

हैदराबाद

याडी,

तुह्या सुवर्णाचा नमस्कार. मी बरी आहो, जेवण वेळेवर करून राह्यली. बाचा खोकला थांबला का?

इथं प्रयोगशाळेत आपल्या भागातल्या परड सापाचं, इकडे ज्याले घोणस म्हणतात त्याचं, विष आलं. ते जेलात, म्हणजे खळीसारख्या पातळ थरात, टाकून वीज सोडली, निळ्या रंगात बुडवलं, त् विषातली सारी प्रथिनं निळे पट्टे होऊन उठली. मग तसंच दुसरं जेल करून ते पट्टे कागदासारख्या पडद्यावर उतरवले अन् वरून साप चावल्यावर देतात ते औषध टाकलं. औषध ज्याले धरते, तो पट्टा चमकते. दोन पट्टे चमकलेच नाही.

मी सरले दाखवलं. सर म्हणाले, "जेल आणि पडद्यामध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल. पुन्हा कर."

पुन्हा केलं. बुडबुडा एकही राहू दिला नाही. या बारीनं पट्टे दिसले, पण लई फिक्के. सर म्हणाले, "औषध धरतंय, पण ढिलं. अजून तपासावं लागेल."

तवापासून डोळे मिटले की तू दिसते, पऱ्हाटीत चप्पल घालून कापूस वेचताना.

याडी, गमबूट घाल. पायाले चावते म्हणून कोपऱ्यात ठेवू नको. अन् काही झालंच त् मंत्रवाल्याकडे जाऊ नको, शेजारच्या भारतदादाच्या गाडीवर थेट दवाखान्यात जा. औषध जितकं लवकर, तितकं बरं.

तू भेत नाही, मले माहीत आहे. म्हणून तुह्या वाट्याचं मीच भेऊन राह्यली. पत्र वाचलं की फोन कर. "घातले" एवढंच म्हण.

तुही लेक,
सुवर्णा