येसरातले हुलगे

आई, तुझा येसर काल जमला. तू गेल्याला वीस वर्षं होऊन गेली. तुझी नात आता पंधराची आहे आणि तिच्याच हट्टापायी जमला. कसा जमला ते तुला सांगण्यासारखं नाही, आणि सांगितल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून लिहायला बसलोय. लिहिणं हा माझा धंदाच झालाय. लोकांच्या खोड्या काढतो आणि त्यावर घर चालवतो. सभेत ओळख करून देताना मला 'मार्मिक' म्हणतात, पाठ वळली की 'तिरकस' म्हणतात. तू असतीस तर "त्वांड लई चालतंय याचं" एवढ्यात दोन्ही उरकलं असतंस.

येसर काही जगावेगळी वस्तू नव्हे. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या असं सगळं वेगवेगळं भाजायचं, जात्यावर दळायचं आणि वर्षभर मूठमूठ आमटीत सोडायचं. आपल्याकडे घरोघर असतो. पण तुझ्या आमटीचा भुरका मारला की तिखट उतरल्यावर जिभेच्या पार मागे एक खरपूस, मातकट, किंचित कडवट चव रेंगाळायची, ती दुसऱ्या कुठल्या घरात मला सापडली नाही. कुणी विचारलं की तू पदर सावरून म्हणायचीस, "आमच्या आत्याबाईंचा हाय. त्येंनी दाखवला तसाच करते, हात बदलू दिला न्हाय." आत्याबाई म्हणजे तुझी सासू, माझी आजी. अक्कलकोटच्या पलीकडची, अर्धं कानडी बोलणारी, आणि उरलेल्या अर्ध्या मराठीत तुला टाकून बोलणारी.

आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, ते चोवीस साल असेल. चाळीतल्या आपल्या दोन खोल्या, मागे पडवी. महिन्याचे चार दिवस तू त्या पडवीत बाहेर बसायचीस. पोत्यावर, भिंतीला टेकून, कशाला शिवायचं नाही, चुलीकडे बघायचंही नाही. आजी होती तोवर ते चार दिवस चूल तिची. ती गेल्यावर पहिल्याच खेपेला वडिलांनी पिठलं केलं. गिरणीच्या हापिसात दिवसभर आकड्यांशी झुंजणारा तो माणूस बेसनापुढे हरला. ते पिठलं पातेल्यातून सोडवायला उलथनं लागलं. दुसऱ्या दिवशी पडवीतून तुझी हाक आली, "हिकडं ये रं. चुलीम्होरं बस. मी सांगते तसं कर."

मी बसलो. तुझ्यामाझ्यात भिंत. तू मला दिसत नाहीस, तुला चूल दिसत नाही. समोरच्या घरात मागाचा खटखटाट चालू आहे आणि त्यातून तुला माझं तेल ऐकायचं आहे.

"तेल तापलं का?"

"तापलं."

"तुला कुटं कळतंय? एक मोहरी टाक, मला ऐकू येऊ दे."

"टाकली."

"न्हाय बोलली अजून. थांब की. कुटं जायचंय, लग्नाला?"

मग मोहरी बोलते, भिंतीपलीकडून तू म्हणतेस, "आता जिरं. आता हिंग. आता सरक मागं, डोळं सांभाळ." आमटी किती उकळायची तर गिरणीचा भोंगा होईस्तोवर. भात उतरला की नाही ते झाकणाच्या आवाजावरून. एकदा मी आमटी उतरवायला निघालो तर तू म्हणालीस, "मीठ राहिलंय." मी थक्क. मीठ कसं ऐकू येतं? म्हणालीस, "मीठ पडलं की तू चाटून बघतोस आन् च्यक् करतोस. आज च्यक् न्हाय झालं."

अशी दहा वर्षं मी तुझ्याकडून कानाने शिकलो. शेंगदाण्याची चटणी उखळात तेल सुटेस्तोवर कशी कुटायची, हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पातळ माडगं गाठी न होता कसं हाटायचं, भाकरी तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात कधी फिरवायचा. माझ्या वयाची पोरं तालमीत जायची. मला ती चिडवायची, आणि मी त्यांना अशी उत्तरं द्यायचो की त्यांना दोन दिवसांनी लागायची. माझ्या धंद्याची सुरुवात तिथली. फक्त येसर राहिला होता. तो वर्षातून एकदा, चैत्रात, तू स्वतः भाजायचीस, कारण त्याला डोळे लागतात म्हणायचीस. भिंतीआडून रंग ऐकू येत नाही. मी बाविशीत आलो तेव्हा तू म्हणालीस, "औंदाच्या चैतात तुला भाजायला बसवते. म्या मेल्यावर कुणाला इचारशील?"

त्याच फाल्गुनात माझा पहिला मोठा लेख छापून आला. मी तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासत होतो आणि तिथल्या साप्ताहिकाला मजकूर कमी पडला होता. लेखाचं नाव 'बिनतारी स्वयंपाकघर'. त्या वेळी बिनतारी यंत्राचं, रेडिओचं नवल होतं. मी लिहिलं होतं की विलायतेने आत्ता शोध लावला, आमच्या घरी महिन्यातले चार दिवस केव्हापासून प्रक्षेपण चालू आहे. पडवीत केंद्र, चुलीपुढे ग्राहक, मध्ये मातीची भिंत, आणि संदेश काय, तर 'मोहरी बोलली का'. तुझं बोलणं मी जसंच्या तसं घातलं होतं. नाव नव्हतं घातलं. त्या मोठेपणाचं मला किती कौतुक होतं म्हणून सांगू! सुधारक मंडळींनी पाठ थोपटली, रूढीवर नेमका घाव घातला म्हणाले. घाव रूढीवरच घातला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. हसले मात्र लोक तुला.

समोरच्या मास्तरीणबाई दुपारी बायकांना साप्ताहिक वाचून दाखवायच्या. त्यांनी तुला निरोप दिला की मुलाचा लेख आलाय. तुला अक्षर येत नव्हतं. तू लुगडं बदललंस, चाळीतल्या बायकांना पडवीत बोलावून बसवलंस आणि वाचन सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांच्या हातावर गूळ-शेंगा ठेवल्यास. हे मला नंतर कळलं. मी संध्याकाळी आलो तेव्हा पडवीत शेंगांची टरफलं पडली होती आणि पाण्याच्या नळावर एकजण दुसरीला म्हणत होती, "बोलली का गं मोहरी?" दोघी मला बघून पदर तोंडाला लावून पळाल्या.

तू भाकरी वाढलीस. आमटी वाढलीस. मी जेवत असताना समोर बसलीस आणि शांतपणे म्हणालीस, "लई चांगलं लिवलंयस म्हणं."

मी दुसरी भाकरी मोडली.

"समद्या गावाला माजं दिवस मोजायला दिलंस."

मी म्हणालो, "आई, मी त्या चालीवर लिहिलंय, तुझ्यावर नाही."

"व्हय की," तू म्हणालीस. "चाल कुटं बसली हुती पडवीत? मीच बसले हुते."

एरवी दोन दिवसांनी लागणारी उत्तरं देणारा मी, मला यावर उत्तर अजून सुचलेलं नाही.

पुढच्या खेपेला तू बाहेर बसलीस. मी चूल पेटवली, तेल ठेवलं, आणि सवयीने विचारलं, "आई, टाकू का मोहरी?" काही नाही. मला वाटलं, डुलकी लागली. पुन्हा विचारलं. माग चालू होता, त्या खटखटाटातून तुझा आवाज आला, अगदी सरळ, राग नसलेला: "पेपरात बघ की."

त्यानंतर पडवीतून तू कधी बोलली नाहीस. करपलं तरी नाही. मीठ राहिलं तरी नाही. चैत्रात एक दिवस छापखान्यातून आलो तर घरभर खमंग वास, जातं पुसून ठेवलेलं आणि बरणी तोंडाला फडकं बांधून कोनाड्यात. मी विचारलं, "भाजलास? मला बसवणार होतीस ना?" तू म्हणालीस, "तुला येळ कुटं असतोय." पुढल्या वर्षीही तसंच. त्याच्या पुढल्या वर्षी चैत्र यायच्या आत तू तापाने गेलीस. माफी मागायची राहून गेली, असं मी लोकांना सांगत आलोय. राहून गेली नव्हती. दोन वर्षं एका ताटापलीकडे तू बसत होतीस आणि मी मागितली नाही.

तुझी शेवटची बरणी आम्ही पुरवून पुरवून वापरली. तुझी सून, जी तू पाहिली नाहीस, तिच्या माहेरचा येसर करते. चांगला असतो. आमच्या घरात कुणी बाहेर बसत नाही. यावरही माझा एक लेख लिहून झालाय, त्यात तुझा उल्लेख नाही, एवढी अक्कल आली होती. पण यंदा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सारखं आजीची आमटी म्हणता. मला शिकवा." मी बाह्या सरसावल्या. पहिला घाणा बेचव झाला. दुसऱ्यात मिरे वाढवले, दगडफूल घातलं. तिखट झाला, खमंग झाला, पण जिभेच्या मागे काहीच नाही. पोरीने भुरका मारला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा नाही ना?" मला तिच्याकडे बघवेना. तिला हवं होतं ते माझ्याच हाताने बंद झालं होतं, हे तिला कसं सांगणार?

म्हणून गेल्या आठवड्यात अक्कलकोटपलीकडे आत्याकडे गेलो. वडिलांची धाकटी बहीण, साठी ओलांडलेली, दात नाहीत पण जीभ शाबूत. तिने बोटांवर सगळं मोजून सांगितलं. मी म्हटलं, हे सगळं घातलं. तरी ती कडसर चव येत नाही. आत्या खुदकन हसली.

"अगागा! हुलगे घातले नसशील तू."

"येसरात हुलगे?"

"आमच्या अव्वाच्या येसरात नव्हतेच की रे. ते तुझ्या आईचे."

अव्वा म्हणजे तिची आई, माझी आजी. मग तिने सांगितलं. तू वेळापूरची, लग्न होऊन आलेली, कानडीचं अक्षर माहीत नाही. चार दिवसांपूर्वीच तुला कुणीतरी शिकवलेलं की हुलग्याला कानडीत हुरळी म्हणतात. येसर भाजताना आजी चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "इन्नू हुरी, इन्नू हुरी." म्हणजे अजून भाज, अजून भाज. तू ऐकलंस हुरळी. उठलीस, डब्यातून दोन मुठी हुलगे आणलेस आणि कढईत टाकलेस. ते तडतडायला लागले. आत्या तेव्हा लहान. ती हसायला लागली तर आजीने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता. तुला आजी फक्त म्हणाली, "साकु." पुरे. मग तू पाण्याला गेल्यावर घरातल्या सगळ्यांना कानडीत बजावलं: हे तिला कुणी सांगायचं नाही. आणि पुढल्या वर्षी स्वतःच हुलगे निवडून सुपात ठेवले.

"शेवटपर्यंत कळलं न्हाई तुझ्या आईला," आत्या म्हणाली. "आन् खरं सांगू? हुलग्यानं बरा लागायला लागला."

तुला उठता-बसता बोलणारी ती बाई, आई. तुझ्या भाकरीला नावं ठेवली, माहेराला ठेवली, चालण्याला ठेवली. पण ज्या चुकीवर घरदार हसलं असतं ती तिने जन्मभर स्वतःच्या नावावर खपवली. तुझी चूक 'आत्याबाईंचा येसर' होऊन गेली. तिला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं.

परतीच्या गाडीत मी काय केलं ते ऐक. हुरी आणि हुरळी! असला मासला आयुष्यात एकदा हाती लागतो. दिवाळी अंकाचा संपादक दोन पत्रं पाठवून बसलाय. पहिलं वाक्यसुद्धा तयार झालं होतं, चांगलं होतं. सोलापूर स्टेशन आलं तरी मी ते घोळवत होतो.

काल हुलगे भाजले. तू म्हणायचीस तसे, डोळे लावून. मुलीने विचारलं, "बाबा, आईच्या येसरात हुलगे नसतात, आपल्यात कशाला?" मी म्हणालो, "माझ्या आजीने घालायला सांगितलं होतं." तिने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. आमटीचा भुरका मारला आणि ती चव आली, पार मागे, तिथेच. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मोरीकडे गेलो.

संपादकाला नकार कळवलाय. हे पत्रही कुणाकडे जाणार नाही. तुला वाचून दाखवायला पुन्हा मास्तरीणबाईंनाच बोलवावं लागेल, आणि एकदा झालं तेवढं पुरे. शिवाय आजीने सांगितलंय, तिला कुणी सांगायचं नाही. मी या कागदावर तो शब्द मोडलाय, तो इथेच राहील.

एक मात्र राहिलं. 'पेपरात बघ की' म्हणालीस ना, त्या दिवशी आधी तेल उतरवलं आणि मग ते वाक्य मी खिशातल्या वहीत टिपून घेतलं. पुढल्या लेखाला उपयोगी पडेल म्हणून. कधी वापरलं नाही. वही अजून आहे.