आरशावरचं वचन

प्रिय आई, सलाम.

माझं झकास चाललंय. खोकलाही जवळजवळ गेलाय.

तू दिलेली ‘आरंभ लहान, पण शेवट मोठा’ या बायबलमधल्या वचनाची पाटी मी सलूनच्या आरशावर लावलीय. ती वाचून दाढीला बसलेले आपल्या चर्चचे पाळक हसले. “हे देव नाही, ईयोबाचा मित्र बोलतोय. देवाने पुढे त्यालाच झापलंय!” म्हणजे आपण मालिकेतल्या खलनायकाचा डायलॉग टांगलाय!

मग मी अख्खी गोष्ट वाचली. ईयोब आजारी पडल्यावर ते मित्र आधी आठवडाभर नुसते शेजारी बसले, तेवढंच त्यांचं बरोबर. मग तोंड उघडून त्या भल्या माणसालाच पापी ठरवलं आणि सगळं बिघडलं.

बाबांच्या उशाशी बसून आत्या अजून विचारते का, “तुझं कुठलं पाप भोवलं?” तिला ही गोष्ट सांग.

मी आलो की बाबांचा हात धरून गप्प बसेन. हसू नकोस, जमेल मला.

तुझा,
बडबड्या