आत्येच्या झाडाची पानं

आचरा, ७ एप्रिल

ती. सावित्रीआत्येस, कृ. सा. न. वि. वि.

माझं सगळं बिनसलं ते परवा सकाळी, रसिकाने आपल्या तमालपत्राच्या झाडाचं पान चिमटीत धरलं त्या क्षणी. तिची बोटं चिकट झाली, काळी झाली. हसत तिने विचारलं, की झाडही तुझ्यासारखंच घरात बसून चिकट झालं की काय.

दरवर्षी वाडीतल्या शर्मिलाकाकी विकायच्या मसाल्यासाठी आपल्याच झाडाची पानं नेतात, नि त्यांची मुलगी रसिका टोपली घेऊन येते. मी कॉलेज अर्धवट सोडून आल्यापासून तिच्याशी बोलायला मला तेवढंच एक निमित्त आहे. हसू नकोस. पानांच्या पाठीला तपकिरी खवले चिकटलेत, मुंग्यांची रांग लागलीय, बाबा कुऱ्हाडीच्या गोष्टी करतात. झाड तू लग्नाआधी लावलेलंस, म्हणून तुलाच विचारतो. फोनवर तुला ऐकू येत नाही. लिहून कळव, लवकर! लोभ आहेच, तो रागावून कमी करू नकोस.

तुझा विनीत

कसाल, ११ एप्रिल

चि. विनीत यास अनेक आशीर्वाद.

झाड तोडलान तर तुझ्या बापाशीक माझ्या दारात पाय ठेवूक देवचंय नाय, सांग तेका.

काळी काजळी हा रोग नव्हे. ते खवले म्हणजे कीड, त्यांतून गोड रस गळतो, त्यावर ती धरते. मुंग्या रसासाठी खवल्यांची राखण करतात. म्हणून कौलांना टेकलेली फांदी आधी छाट, बुंध्याला फडकं गुंडाळून वर ग्रीस लाव, म्हणजे मुंग्यांची वाट बंद. मग रिठ्याच्या पाण्यात कापड बुडवून पानांची पाठ पूस, एकेक. आठ दिवसांनी परत. आणि आंब्यावर फवारतात ते औषध मारू नको हां, पान लोकांच्या पोटात जातं. तुझं डोकं तापलं, की हाताक मिळात ता उचलतंस. कॉलेजात सरांच्या टेबलावर वही आपटून घरी इलंस तसा.

रसिका चांगली आसा. मनात नसलेल्याला कोणी असं चिडवत नाही. जपून रहा, पत्राची वाट बघते.

तुझी आत्या

आचरा, २० एप्रिल

ती. आत्येस सा. न.

तुझं पत्र येण्याच्या आदल्याच दिवशी बाबा कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभे राहिले. माझं डोकं फिरलं. ते बाजारात जाताच आंब्याचं उरलेलं औषध पंपात ओतून फवारलं, मापही बघितलं नाही. खवले सुकू लागले. मग तुझं पत्र वाचलं, नि काय करून बसलो ते कळलं.

तरी फांदी छाटली, ग्रीस लावलं, शिडीवर चढून तीन दिवस पानं पुसली. आता ती अशी चकाकतात, की कुऱ्हाड परत माळ्यावर गेली. औषधाचं कोणालाच ठाऊक नाही.

उद्या दोन टोपल्या घेऊन येते, असा रसिकाचा निरोप आहे. चिकटपणा गेला काय, असंही विचारलंय. पण पुसलं म्हणून विष गेलं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? काकींचा मसाला गावभर जातो. गप्प बसलो, तर उद्या तासभर ती माझ्या शेजारी पानं खुडेल. सांगितलं, तर काकी यंदा दुसरं झाड बघतील, कदाचित कायमचंच.

सांगणार आहे. निरोप धाडून नाही, त्यांच्या दारात उभा राहून. आशीर्वाद दे, या वेळी शिव्यांसकट.

तुझा विनीत

ता. क. चपला घातल्यात. घरात आणखी थांबलो तर कारणं सुचतील. दार ओढून घेतो.