तुझ्या खुर्चीवरची चिठ्ठी

ताई,

हे पत्र पाठवणार नाही. चहाडी केली म्हणून बाबा माझंही नाव टाकतील.

त्यांची नजर गेल्यापासून तुझे शुभेच्छापत्रांचे लाकडी अक्षरठसे मी वापरते. शाई न लावता ओल्या पुठ्ठ्यावर दाबले की अक्षरं बोटांना लागतात. साखर, मीठ, सगळ्या डब्यांना तशा चिठ्ठ्या आहेत.

परवा बाबांनी स्वतः ठसे चाचपून एक चिठ्ठी केली आणि जेवणाच्या टेबलापाशी तुझ्या खुर्चीच्या पाठीला चिकटवली. वाकडंतिकडं, पण तुझंच नाव.

तू स्वतःच्या मनाने लग्न केलंस तेव्हा म्हणाले होते, 'या घरात तिचं नाव काढायचं नाही.' शब्दाचे पक्के आहेत, अजून काढत नाहीत. जेवायच्या आधी चिठ्ठीवरून बोट फिरवतात आणि मगच ताट पुढे ओढतात.

तुझी भांडखोर,
धाकटी