वेखंड-ओढ्याची वाट माझ्यामागे कुणाची

मी, ओडील कूटरे, वय वर्षे चोपन्न, राहणार पॉप्लर लँडिंग, अथाबास्का नदीचा पश्चिम काठ, अल्बर्टा, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते आहे. माझे डोके शाबूत आहे. हृदयाबद्दल एडमंटनच्या डॉक्टरांचे मत वेगळे आहे. उद्या ते छाती उघडून एक झडप बदलणार आहेत. नवी झडप डुकराची असते म्हणे. मी मूसची, म्हणजे आमच्या रानातल्या थोरल्या सांबराची, मागितली होती, पण ती त्यांच्याकडे येत नाही.

हे मी हाताने लिहीत नसून गावच्या दवाखान्यात बसून सांगते आहे आणि परिचारिका विनिफ्रेड आदम संगणकावर उतरवून घेते आहे. माझे अक्षर असे आहे की माझ्यामागे भांडण लागले तर त्यावरूनच लागेल. मला न्यायला विमान अंधार पडण्याआधी येईल. तोवर हे संपले पाहिजे. विनिफ्रेड, मी बोलते ते सगळे टाक. काही गाळू नकोस. गाळायला सरकार आहे.

मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील गेले. हा कागद न करता मेले तर माझे सर्व काही कायद्याने माझा धाकटा भाऊ नॉर्बर्ट याच्याकडे जाईल, आणि नॉर्बर्टच्या हातून लगोलग वाळूतून तेल काढणाऱ्या खाण-कंपनीकडे. म्हणून हा खटाटोप.

कलम एक. माझे घर गावच्या रेडिओला द्यावे. दर रविवारी त्या रेडिओवरून मी गावाला, कंपनीला आणि पाद्र्याला टोचत आले. रेडिओचा संसार सध्या हॉकीच्या पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत आहे. ओल्या मोज्यांच्या वासात खरे बोलायला फार कष्ट पडतात.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून गावजेवण घालावे. मूसचा रस्सा, तव्यावरची जाड भाकरी, काळा चहा. कंपनीकडून सँडविच मागवू नयेत. आमच्या गावात कंपनीचे सँडविच खाल्ले की सल्लामसलत पार पडली असे लिहितात. माझ्या मयताला कोणी ते सँडविच खाल्ले, तर मीही खाणीला पाठिंबा देऊनच गेले असे लिहितील.

कलम तीन. कंपनीने वेळोवेळी भेट दिलेल्या टोप्या, थर्मास, जाकिटे, आणि नदीतला मासा किती खाल्लेला चालेल हे सांगणारे, फ्रिजला चिकटवायचे चुंबक, हे सर्व स्वच्छ धुऊन कंपनीचे हॅलव्हरसन साहेब यांना परत करावे. धुताना बाटलीतले पाणी वापरावे. नळाचे वापरले तर भेटीचा अपमान होईल.

कलम चार. टोरांटोहून आलेल्या माहितीपटवाल्या बाईंनी मला नदीकडे तोंड करून उदास उभे केले होते. मी तेव्हा शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या देत होते. बाईंनी शिव्या काढून बासरी घातली. माझ्या शिव्या मला परत मिळाव्यात आणि गावजेवणात मोठ्याने वाजवाव्यात.

कलम पाच. वेखंड-ओढ्याची वाट.

हे कलम सावकाश टाक, विनिफ्रेड.

ही सापळ्यांची वाट आजोबांनी पायाने पाडली. ओढ्याच्या मुखापासून दलदलीला वळसा घालून वरच्या डोहापर्यंत. मार्टेन, बीव्हर, लिंक्स, सगळी केसाळ कातड्याची जनावरे. वाटेत एक केबिन, आणि केबिनीमागे ओल्या काठाने वेखंड, ज्याच्यावर या गावाचे सगळे घसे आजवर निभावले. आता वाटेच्या उत्तरेला एक खाण आहे आणि दक्षिणेला एक खाण. मधली दलदल तेवढी राहिली आहे. तेलवाळू धुतल्यावर जो गाळ उरतो त्याचा तलाव कंपनीला वाढवायचा आहे, आणि तो बरोबर या दलदलीत वाढतो. चुकून पाण्यावर उतरून बदके मरू नयेत म्हणून त्या तलावावर नुसत्या आवाजाच्या तोफा उडवतात. केबिनीत चहा ओतताना हात हलतो, तो त्या तोफांनी. झडपेचा दोष नाही.

वाटेचा परवाना माझ्या नावावर आहे. मी तलावाला संमतीची सही दिली तर कंपनीचे काम सोपे. नाही दिली तर पुढच्या महिन्यात सुनावणीत सगळ्यांसमोर उत्तरे द्यावी लागतील. म्हणून हॅलव्हरसन साहेबांचा जीव माझ्या जिवात अडकला आहे. ऑपरेशनला त्यांनी फुलेही पाठवली.

तर ही वाट मी…

इथे दार उघडले. नॉर्बर्ट आला आहे. मागे त्याची मुलगी टॅनिस, दिवसपाळीच्या धुळीने माखलेली. ती त्याच खाणीत घराएवढा ट्रक चालवते. नॉर्बर्ट कंपनीचा गाव-संपर्क अधिकारी आहे. टाक, विनिफ्रेड, सगळे टाक.

"ताई, हे काय चाललंय? विमान यायची वेळ झाली."

"मरायची तयारी. बस. टोपी काढ, तिच्यावर त्यांचं नाव आहे."

"तू मरत नाहीयेस."

"मग तू इतका घाईनं का आलास?"

नॉर्बर्ट म्हणाला की सही करून टाक, निवांत मनाने ऑपरेशनला जा. कंपनी दुसरीकडे केबिन बांधून देईल, जुनी खाण बुजवून केलेल्या टेकडीवर.

"ती टेकडी मी पाहिलीय," मी म्हणाले. "झाडं रांगेत उभी आहेत, शाळेच्या प्रार्थनेसारखी. सशालाही लाज वाटेल तिथे लपायला."

"ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? गावातली निम्मी घरं त्यांच्या पगारावर आहेत. माझं, हिचं."

"मासा आठवड्यातून एकदाच खा म्हणून चुंबक देतात, आणि तू मला माशाची म्हण ऐकवतोस?"

टॅनिस हसली. बापाने पाहिल्यावर थांबली.

मग तो जे बोलला ते मला ऐकायचेच होते. "आईनं हरकत घेतली नव्हती. कागदावर आहे तसं."

आहे खरे. आई असताना वाट तिच्या नावावर होती. सभागृहात साहेबांनी तिला विचारले, तलाव दलदलीपर्यंत आणला तर चालेल का. आईला इंग्रजी येत नव्हते. मधे दुभाषा म्हणून नॉर्बर्ट बसला होता. आईने प्रश्न ऐकला, खिडकीबाहेर पाहिले आणि ती बोलली नाही. सगळ्यांचा चहा निवेपर्यंत बोलली नाही. कुठे कुठे म्हणे मौन म्हणजे संमती. आमच्यात, या नदीकाठच्या आदिवासींत, पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे असभ्य. गप्प बसणे हाच नकार, आणि इतका वेळ गप्प बसणे म्हणजे हाकलून देणे. साहेबांनी विचारले, "काय म्हणाल्या?" आणि माझ्या भावाने भाषांतर केले, "त्यांची हरकत नाही."

"ती काय म्हणाली होती, नॉर्बर्ट?"

"ती काहीच म्हणाली नव्हती."

"आपल्या भाषेत सांग."

"ताई, साहेब पेन घेऊन बसला होता! त्याला मी काय सांगायचं, की म्हातारी खिडकीबाहेर बघतेय?"

"हो. तेवढंच सांगायचं होतंस."

"बाबा," टॅनिस म्हणाली, "आजी घरी येऊन काय म्हणाली, ते सांग ना आत्याला."

"तू गप्प बस."

"मी आजी नाही. मी गप्प बसले तर त्याचंही तू 'हरकत नाही' करशील."

विनिफ्रेड टंकायची थांबली. थांबू नकोस, बाई. नॉर्बर्ट जमिनीकडे बघून म्हणाला, "म्हणाली, तुझ्या तोंडात माझी जीभ नाही." हे त्याने मला आज पहिल्यांदा सांगितले.

आता कलम पाच पुरे करते.

वेखंड-ओढ्याची वाट, केबिन आणि परवान्यावरचा माझा हक्क मी माझा भाऊ नॉर्बर्ट कूटरे याला देते. टॅनिस, तोंड मीट. माझ्यानंतर पाळी त्याची आहे. आमच्यात पाळी ओलांडून वाट देत नाहीत. तशा दिलेल्या वाटेवर सापळाही लागत नाही आणि झोपही. ज्याची पाळी त्यानेच पुढच्याच्या हाती द्यायची असते. हे देणे कोणत्याही कारणाने रद्द ठरले, तर हे सर्व नॉर्बर्टची मुलगी टॅनिस हिला जावे. परवान्याच्या कचेरीनेही हाच क्रम धरावा ही माझी विनंती.

आता कायद्याची एक गंमत. विनिफ्रेडला माझी चहाची किटली ठेवायची होती, म्हणून मी काल वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्यापुरते देणे रद्द. किटली गेली. पण मला दोन साक्षीदार लागतात, आणि एकच आहे.

आमच्यात मागणे मोठे असेल तर तंबाखू पुढे ठेवतात. समोरच्याने उचलली तर त्याने कबूल केले. मी तंबाखूची पुडी टेबलावर, पेनाशेजारी, नॉर्बर्टपुढे ठेवली आहे.

"तुला वाट हवी असेल तर पुडी तशीच राहू दे. मी बाहेरून पाद्र्याला बोलावते, तो सही करेल. वाट तुझी. तुझ्यावर राग ठेवून मी भूल घेणार नाही."

"आणि उचलली तर?"

"तर साक्षीदार हो, आणि वाट तुझ्या हातून टॅनिसकडे."

"ताई, उद्या सकाळी साहेब माझ्या घरी येणार आहेत. तुझी सही आणतो असा मी त्यांना शब्द दिलाय."

"माहीत आहे."

"माझी नोकरी जाईल. हिचा ट्रकही जाईल."

"मी ट्रक दुसरीकडे चालवीन," टॅनिस म्हणाली. "ट्रक खूप आहेत, बाबा."

तलावावरची तोफ उडाली. विमानाचा आवाज नदीवरून येतो आहे. नॉर्बर्टने पुडीकडे हात नेला आणि परत घेतला. विनिफ्रेड म्हणते, पाच मिनिटे. मी भावाचे हात बघते आहे. लहानपणी तो त्याच हातांनी सापळ्यातली सशाची पिल्ले सोडवून द्यायचा आणि आजोबांचा मार माझ्यासमोर खायचा.

त्याने पुडी उचलली. खिशात ठेवली.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. माझ्या माघारी कोणी याचा वेगळा अर्थ लावू नये. अर्थ लावायचाच असेल तर दुभाषा गावातला घ्यावा आणि त्याला वेळ द्यावा. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर, एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण : गावचा दवाखाना, पॉप्लर लँडिंग
दिनांक : १७ ऑक्टोबर २०१९

(सही) ओडील कूटरे

साक्षीदार

१. (सही) विनिफ्रेड आदम. व्यवसाय : परिचारिका.

२. (सही) नॉर्बर्ट कूटरे. व्यवसाय : आज संध्याकाळपर्यंत कंपनीचा गाव-संपर्क अधिकारी.